मक्यावरची खोडमाशी : पहिला महिना जपा

बडोद्याहून छोटा उदेपूर किंवा गोध्र्याकडे निघालात, की मक्याचा पट्टा लागतो. रोटल्याचे हे पीक कोवळे असतानाच त्याच्यावर घाला घालते ती खोडमाशी. गुजरातीत ‘सांठानी माखी’. घरमाशीसारखी दिसणारी, पण तिच्याहून लहान.

मादी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला पांढरी, लांबट अंडी एकेक करून घालते. दोन-तीन दिवसांत पाय नसलेली अळी बाहेर पडते, पोंग्यात उतरते आणि वाढीचा कोंबच कुरतडते. मधले पान वाळते. ते हलकेच ओढा : सहज हातात येते, बुडाशी कुजका वास येतो. यालाच पोंगामर म्हणतात. पानांना मोठी भोके आणि पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली, तर मात्र ती लष्करी अळी समजावी.

धोका उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यातच मोठा. म्हणून उपाय पेरणीपासूनच हवेत. खरिपात पाऊस स्थिरावताच पेरा. उशिराच्या पेरणीवर माशी तुटून पडते. बियाण्याला शिफारस केलेल्या कीटकनाशकाची प्रक्रिया करा. बी थोडे जास्त टाका, विरळणीत पोंगामर झालेली रोपे उपटून अळीसकट नष्ट करा. सुरुवातीलाच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

अळी खोडात शिरल्यावर वरची फवारणी फारशी पोचत नाही. गोध्र्याला आणंद कृषी विद्यापीठाचे मका संशोधन केंद्र आहे. औषध आणि मात्रा तिथे विचारूनच ठरवा.