मालक व्हा, मुकादम होऊ नका

शासकीय नोकरभरती आटत गेली तसा नांदेड-लातूरकडचा आपला शिकलेला तरुण छोट्या धंद्याकडे वळला. कोणी बांधकामाची कामे घेतो, कोणी फॅब्रिकेशनचे दुकान टाकतो. लातूर जिल्ह्यातले मिलिंद कांबळे नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनात स्थापत्याची पदविका घेऊन पुण्याला गेले, बांधकाम व्यवसायात उभे राहिले आणि २००५ साली त्यांनी 'डिक्की' ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली. नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा, हा तिचा संदेश. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात सार्वजनिक उपक्रमांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी, असेही ठरले.

पण नोकरी देणारा झाल्यावर पुढे काय? काम मालक मिळवतो, ते पुरे करतात त्याची दहा-बारा माणसे. आणि इथेच आपले अनेक जण मुकादम होतात. उचल देऊन माणूस अडकवायचा, हजेरीची वही खिशात ठेवायची, मजुरी लांबवायची, चूक झाली की चारचौघांत पाणउतारा करायचा! ज्या रीतीने आपल्या बापजाद्यांना राबवले गेले, तीच रीत आपण चालवायची काय?

याची किंमत धंदाच मोजतो. शिकवून तयार केलेला मिस्त्री दिवाळीला गावी जातो तो परत येत नाही. सेंटरिंग कच्चे आहे हे बिगाऱ्याला दिसते, पण तो बोलत नाही. स्लॅब बिघडल्यावर नुकसान कोणाचे?

जातीने कामाबरोबर कामगारांनाही एकमेकांपासून तोडले, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. तोडलेली माणसे एका ठेकेदाराकडे आली म्हणून चमू होत नाही. भिक्खू संघात ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणीचे नियम होते, याची आठवण त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत करून दिली. हजारो भिक्खूंचा संघ नियमाने चालू शकतो, तर बारा माणसांचे दुकान का नाही?

म्हणून हजेरी सर्वांसमोर मांडावी. मजुरी ठरल्या दिवशी द्यावी. आठवड्यातून एकदा सगळ्यांना बसवून कोणते काम कुठे अडले ते विचारावे आणि सर्वात धाकट्याला आधी बोलू द्यावे. झाडलोट ठरावीक माणसाच्याच वाट्याला येऊ नये. हाताखालच्याला मिस्त्रीचे काम शिकवावे. याला भांडवल लागत नाही, वृत्ती लागते.

स्वाभिमान आपण चळवळीकडून घेतला. तो आपल्या कामगारालाही मिळाला, तरच आपण खरे मालक!