जुना संगणक, नवी प्रणाली

पेण-रोह्याकडील घरांतून अजून विचारणा होते: संगणकावर ‘विंडोज १०’ ठेवावें कीं ‘११’ घ्यावें? १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें १० चा नित्याचा सांभाळ थांबविला. यंत्र त्या दिवशीं बंद पडलें नाहीं, म्हणून कित्येक निर्धास्त आहेत. आमच्या मतें ही निश्चिंती फसवी होय. कुलूप जागच्या जागीं आहे. चोरानें नवी किल्ली केली असतां तें सुधारणारा लोहार मात्र निघून गेला. ज्या यंत्रावर पेणच्या गणपति-कारखान्याचा हिशेब आणि बँकेचा व्यवहार चालतो, तेथें बदल करावाच. पात्र यंत्रास ११ विनामूल्य मिळतें.

अडचण पात्रतेची. ४ जीबी स्मृति व ६४ जीबी जागा बहुधा असते, ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची चिप जुन्या यंत्रांत नसते. विक्रेता म्हणतो, नवें घ्या. (त्याचा तो धर्मच!) परंतु १० साठीं जाहीर झालेली घरगुती मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची असून तीस नोंदणी लागते, केवळ वाचन-लेखनास सी-डॅकची ‘बॉस’ ही विनामूल्य लिनक्स प्रणालीही चालेल.

कांहींही करा, आधीं सर्व कागदांची वेगळी प्रत काढा. कुलवृत्तान्ताचीं पानें यूनिकोडपूर्व टंकांत असल्यास तो टंकही जपा. नाहींतर पानें उघडतात, पण मराठी दिसत नाहीं.