कनिष्ठ मंत्री : पहिली पायरी, अखेरचे अस्त्र

ब्रिटिश संसदेत दिवसाअखेरीस, जवळजवळ रिकाम्या सभागृहात, एखाद्या खासदाराच्या मतदारसंघातील प्रश्नाला जो उत्तर देत असतो, तो बहुधा कनिष्ठ मंत्री असतो. संसदीय उपमंत्री, राज्यमंत्री आणि मग कॅबिनेट, अशी ही चढण आहे. ऋषी सुनक जानेवारी २०१८ मध्ये तळच्या पायरीवर होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते पंतप्रधान झाले. अनेकांची वाट मात्र एखाद्या फेरबदलातच संपते. सामूहिक जबाबदारीच्या संकेतानुसार सरकारविरुद्ध मत द्यायचे, तर आधी राजीनामा द्यावा लागतो. जुलै २०२२ मध्ये वरिष्ठांपाठोपाठ अनेक कनिष्ठ मंत्र्यांनी तेच केले. ७ जुलैला बोरिस जॉन्सन यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. एकट्याचे पद किरकोळ असते. सामूहिक नकार मात्र पंतप्रधानांनाही पेलत नाही.