जिताड्याचे तळे

गळ टाकून तळ्याकाठी बसलेल्या माणसाइतका निरुद्योगी दिसणारा प्राणी जगात दुसरा नसेल. पण वाचकहो, हा निरुद्योग राजमान्य आहे! बाराव्या शतकातल्या सोमेश्वर तिसरा या चालुक्य राजाच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ या नावाचे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाणे, गळ, दोरी, काठी अशा सगळ्याचा त्यात विचार केला आहे. आयझॅक वॉल्टनने याच छंदावरचे आपले विख्यात इंग्रजी पुस्तक काढले १६५३ साली, म्हणजे आपल्या राजेसाहेबांनंतर पाचशे वर्षांनी.

मुंबईची हौशी मंडळी आपला गळ पवई तलावावर नेतात. माझा योग मात्र रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटात होता. कचेरीतल्या एका मित्राचे गाव तिकडे, पोयनाडच्या आसपास, धरमतर खाडीच्या अंगाला. खाडीला बांध घालून माणसाने हाताने मिळवलेली ही भातजमीन. बांधाला जागोजाग उघाडी. भरतीचे खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही आणि ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, हे तिचे काम. बांध फुटला की शेतात खारे पाणी शिरते, आणि भाताच्या जागी खारफुटी माजते.

या मुलखात घराला अंगण असावे तसे तळे असते. मित्राच्या आजोबांनी सांगितले, “आमच्या घराच्या जोत्याला माती याच खड्ड्यातली. घर वर आलं, तळं खाली गेलं.” पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्ले आणून तळ्यात सोडायची. तो लहान मासे आणि कोळंबी खाऊन वाढतो. पाहुणा आला, जावई आला, की तळ्यातला जिताडा ताटात आलाच पाहिजे. जिताडा पोचला की साहेबाच्या टेबलावरचा कागद हलतो, अशीही इकडे थट्टा चालते! बंगाल्यांची लाडकी भेटकी ती हीच, आणि ऑस्ट्रेलियातले शौकीन ज्याच्यासाठी मैलोन्‌मैल नद्या तुडवतात तो बॅरामुंडीही हाच.

मी मोठ्या ऐटीत मुंबईहून आणलेली चक्रीची काठी जोडली. आजोबांनी खुंटीवरची दोरी काढली, गरीला जिवंत कोळंबी लावली आणि माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, “बाबा, सावली पाण्यावर पाडू नको.” मग तासभर कोणी बोलले नाही. पलीकडे भाताच्या लोंब्या पिवळ्या झाल्या होत्या. बगळे परतू लागले. दिवस मावळला आणि अचानक माझी काठी वाकली. पाणी फुटले, चांदीसारखे अंग हवेत उडाले, त्याने डोके झटकले, आणि दोर हलका झाला. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, हे ज्ञान मला तुटकी दोरी हातात आल्यावर झाले. आजोबा पोट धरून हसले.

जेवणानंतर ओटीवर खरी गोष्ट निघाली. मित्राला तळे बुजवायचे होते. गावी बंगला बांधावा, मुलांना सुट्टीला आणावे, हा त्याचा विचार काही वाईट नव्हता. शिवाय, तो म्हणाला, पिल्ले मिळतात कुठे? बोलणे खरे होते. जिताडा गोड्या पाण्यात वाढतो, पण वीण खाऱ्या पाण्यातच करतो. त्यातही गंमत अशी, की तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे तळ्यातला जिताडा तळ्यात बाळसे धरील, पण वंश वाढवणार नाही. त्यासाठी खाडी जिवंत हवी. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेने १९९७ साली त्याची बंदिस्त जागेत पैदास करून दाखवली, म्हणून पिल्ले विकत मिळण्याची सोय झाली. पण विकत आणलेल्या पिल्लालाही तळे लागतेच!

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी चरीच्या संपाची आठवण काढली. १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली इथल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. शेते ओस पडली. “त्या सहा वर्षांत माझ्या बापानं भात पिकवलं नाही,” आजोबा म्हणाले. “खाडीत पाग टाकायचा, रानात लाकडं तोडायची, आणि अगदीच अडलं की या तळ्यात गरी सोडायची. माझी आई म्हणायची, जमीन खोताची असंल, पण तळं आपलं. आता तू ते बुजव. पण तुझा जावई आला म्हणजे त्याला काय बाजारातला पापलेट वाढशील?”

मित्र हसला, पण उत्तर दिले नाही.

पहाटे जाग आली तेव्हा ओटीवर कोणी नव्हते. तळ्याकाठी दोन आकृती शेजारी शेजारी बसल्या होत्या. आजोबांची दोरी आज नातवाच्या हातात होती. मी पुढे निघालो, तोच मित्राने मागे न वळता हात वर केला आणि हलक्या आवाजात म्हटले, “अरे, सावली पाडू नकोस!”