वटवाघूळ आंधळे नाही

वटवाघळाला दिसत नाही, असे आपण मुलांना बेधडक सांगतो. मी मराठीचा मास्तर. शब्दाची चूक मला सहन होत नाही, म्हणून सांगतो, त्याला डोळे आहेत आणि दिसतेही! १७९३ साली इटलीच्या स्पालान्झानीने त्याचे डोळे निकामी केले, तरी ते अडथळे चुकवीत उडाले. पुढे ज्यूरीनने कान बुजवले, तेव्हा मात्र ते आपटले. १९३८ मध्ये अमेरिकेत ग्रिफिन व पियर्स यांनी त्याचे आपल्याला न ऐकू येणारे आवाज टिपले. पण ही कथा किडे खाणाऱ्या पाकोळीची. वडाला उलटे लटकणारे आपले मोठे वटवाघूळ प्रतिध्वनीवर विसंबत नाही. टपोऱ्या डोळ्यांनी ते अंधुक उजेडात वाट काढते, नाकाने पिकले फळ हुडकते आणि त्याच्या बिया दूरवर पेरते. त्याला अपशकुनी ठरवून वडावर कुऱ्हाड चालवणाऱ्यांना विचारावेसे वाटते : आंधळे नक्की कोण?