मुलांना घोडेस्वारी शिकवताय? आधी शिक्षक पाहा

आपल्या घरांत घोड्याविषयी वेगळीच आपुलकी असते. सूरह आदियातमध्ये धावत्या घोड्यांची शपथ आहे. बुखारी शरीफमध्ये मदिन्यातल्या शर्यतीची हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तयार घोड्यांसाठी अनेक मैलांचे अंतर ठेवले, तर तयारी न झालेल्या घोड्यांसाठी बनी जुरैकच्या मशिदीपर्यंतचे, सुमारे एका मैलाचे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) त्या शर्यतीत होते. जितकी तयारी तितकेच अंतर, हे चांगल्या शिक्षकाचे पहिले लक्षण. सुन्नतच्या हौसेने मुलाला घोड्यावर बसवताना आपण नेमके तेवढेच तपासायचे विसरतो.

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील निदा अंजुम चेलाट हिने २०२३ मध्ये फ्रान्समधील तरुण स्वारांच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटरची दौड पूर्ण केली. अशी बातमी वाचून घरातली मुलगी ‘अब्बा, मलाही शिकायचंय’ म्हणाली, तर कौतुक करा. पण ‘सर्टिफाइड कोच’ अशी पाटी दिसली म्हणून लगेच फी भरू नका.

आधी विचारा, प्रमाणपत्र कशाचे? स्पर्धेत भाग घेतल्याचे, स्वारी येत असल्याचे आणि शिकवता येत असल्याचे, हे तीन वेगळे कागद आहेत. आपल्याला तिसरा हवा. इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया ही या खेळाची राष्ट्रीय संघटना आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे एफईआयचे, प्रशिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याचे असतात. तेव्हा कितवा टप्पा, कोणत्या वर्षी, हे विचारावे. ब्रिटिश हॉर्स सोसायटी आपल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकांकडून प्रथमोपचार, मुलांची सुरक्षितता आणि विमा या तिन्हींची पूर्तता मागते. शिक्षक त्या संस्थेचा नसला, तरी हे तीन प्रश्न आपण विचारूच शकतो. चांगला शिक्षक रागावत नाही.

फौजेतून निवृत्त झालेले स्वारही शिकवतात. घोड्याची त्यांची जाण पक्की असते. मात्र जवानाला शिकवणे वेगळे आणि नऊ वर्षांच्या पोराला शिकवणे वेगळे, म्हणून त्यांचाही एक वर्ग कडेला उभे राहून पाहावा. खरे तर कागदापेक्षा हे पाहणेच जास्त सांगून जाते. नवख्या मुलाचा घोडा लांब दोरीला धरून गोल फिरवतात का? मुलाचा तोल सावरण्याआधीच लगाम त्याच्या हाती सोपवून घोडा दुडक्या चालीने पळवणारा शिक्षक नको. माथेरानला टट्टूवर बसून फिरणे म्हणजे शिक्षण नव्हे, हेही मुलांना सांगावे लागते!

हेल्मेट घोडेस्वारीचेच हवे. क्रिकेटचे किंवा सायकलचे चालत नाही. एकदा ते घालून जोरात पडले, की वरून धड दिसले तरी बदलायचे. बुटाला थोडी टाच हवी, नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जाते आणि पडलेले मूल घोड्यामागे फरफटत जाऊ शकते. बूट न पाहता मुलाला वर चढवणाऱ्याचे प्रमाणपत्र काय कामाचे?

मुलींच्या बाबतीत काही गोष्टी संकोच न करता आधीच बोलाव्यात. स्त्री-शिक्षक आहे का? नसेल तर आईला मैदानात थांबता येईल का? चढण्यासाठी लाकडी पायऱ्या असल्या तर कोणी उचलून बसवण्याची गरज उरत नाही, आणि घोड्याच्या पाठीलाही आराम मिळतो. स्कार्फ पातळ व घट्ट बसणारा हवा, हेल्मेटखाली पिन नको आणि टोके कपड्यात खोचलेली असावीत. हे सारे ऐकून हसणारा शिक्षक आपल्या कामाचा नाही.

शेवटी तबेल्यात चक्कर मारा, शक्यतो दुपारी, न सांगता. पाणी भरलेले आहे का, खोगिराखालची पाठ सोललेली तर नाही, मोतद्दार जवळ येताच घोडा कान मागे टाकून दचकतो का, ते पाहा. जखमेवर खोगीर चढवलेले दिसले, तर तिथे फी किती हेही विचारू नका.