नाशिकरोडला डॉलर छापत नाहीत!

दिवाळीच्या सुट्टीत इंदिरानगरला घरी गेले होते. सबमिशनं संपलेली, व्हायव्हाला अजून वेळ, त्यामुळे सकाळी दहा वाजता आरामात चहा पीत पेपर वाचत बसले होते (हॉस्टेलवर हे सुख कुठलं!). पेपरात एक चौकट होती : देशावर एकूण कर्ज किती, आणि ते लोकसंख्येनं भागलं तर प्रत्येक भारतीयाच्या डोक्यावर किती. आकडा बघून मला खरंच टेन्शन आलं. माझं स्वतःचं एज्युकेशन लोन अजून सुरू व्हायचंय फेडायला, आणि त्यात हे!

आमचे आजोबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेत. मी सहज म्हटलं, "आजोबा, नोटा आपल्याच गावात छापतात ना? मग छापायच्या आणि टाकायचं फेडून!"

मला वाटलं ते हसतील. पण त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, आधी दोन गोष्टी विचारायच्या. कर्ज घेतलंय कोणाकडून? आणि फेडायचंय कोणत्या नोटेत? नाशिकरोडला रुपये छापतात, डॉलर नाही छापत."

सुट्टीचे उरलेले दिवस मी याच दोन प्रश्नांच्या मागे लागले. जे समजलं ते इथे लिहितेय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत चुका सापडतील, सांभाळून घ्या. हिशेबात मात्र चूक होऊ दिलेली नाही.

सरकारला कर्ज देतं कोण?

सरकारचा खर्च करांच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाला की सरकार रोखे विकतं, म्हणजेच बॉण्ड. रोखा म्हणजे 'आज शंभर द्या, दरवर्षी एवढं व्याज देऊ आणि अमुक वर्षी शंभर परत करू' असं लेखी वचन. हे रोखे विकायचं काम रिझर्व्ह बँक करते. घेणारे मुख्यतः आपल्याच देशातले : बँका, एलआयसीसारख्या विमा कंपन्या, प्रॉव्हिडंट फंड आणि रिझर्व्ह बँक स्वतःसुद्धा.

माझ्या आजीचं पोस्टात खातं आहे. ती दर महिन्याला पासबुक घेऊन जाते आणि व्याजाची नोंद झाली की नाही ते चष्मा लावून तपासते. पोस्टातल्या बचतीचा हा पैसा अल्पबचत निधीत जातो आणि तिथून सरकारला कर्ज म्हणून मिळतो. म्हणजे 'प्रत्येकाच्या डोक्यावर एवढं कर्ज' हे अर्धंच सत्य झालं. त्या कर्जातली सावकार आमच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेली असते!

केंद्र सरकारच्या रुपयांतल्या रोख्यांत परदेशी गुंतवणूकदारांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे. जून २०२४ पासून जे. पी. मॉर्गनच्या निर्देशांकात आपले रोखे घ्यायला सुरुवात झाली, त्यामुळे परदेशी पैसा येण्याचा रस्ता रुंद झाला. पण हे कर्जही रुपयांतच आहे. ते गुंतवणूकदार एकदम विकून निघाले तर रुपयाला आणि बाजाराला हादरा बसेल, हे खरं. तरी फेडायला डॉलर शोधत फिरावं लागणार नाही.

कसारा घाट आणि लंडनचं व्याज

नेहमीच असं नव्हतं. मुंबईला जाताना आपण ज्या रेल्वेनं कसारा घाट उतरतो, ती जी. आय. पी. रेल्वे कंपनीनं बांधली. भांडवल लंडनमधलं. करार असा, की कंपनीला नफा होवो न होवो, गुंतवणूकदारांना ५ टक्के परतावा मिळणारच, आणि कमी पडला तर भारताच्या तिजोरीतून भरून दिला जाणार. नुकसान झालं तर आपलं, व्याज मात्र त्यांचं पक्कं! हे व्याज, इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनी, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, सगळं दरवर्षी पौंडांत लंडनला जायचं. त्याला 'होम चार्जेस' म्हणत. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या गळतीवर आयुष्यभर लिहिलं, तिचा हा मोठा भाग. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती रानडे हेही देशाच्या गरिबीचं कारण नशिबात न शोधता अर्थव्यवस्थेत शोधणाऱ्यांपैकी होते.

आता चलनाचा खेळ बघा. १८७० च्या सुमाराला एक रुपया म्हणजे जवळजवळ २ शिलिंग. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे एका पौंडाला १० रुपये. आपला रुपया चांदीचा होता आणि जगात चांदी स्वस्त होत गेली. १८९० च्या दशकात रुपया सव्वा शिलिंगावर आणि त्याच्याही खाली गेला. सव्वा शिलिंग धरलं तरी एका पौंडाला १६ रुपये. नवं कर्ज एक पैचं घेतलं नाही, तरी जुन्याच कर्जाचं ओझं रुपयांत ६० टक्क्यांनी वाढलं. ते भरलं कोणी? शेतसारा भरणाऱ्यानं.

दुसऱ्याच्या नोटेतलं कर्ज म्हणजे काय, हे मला या गणितात पहिल्यांदा नीट कळलं.

आपण सावकार झालो, तरी...

पुढे गंमत अशी झाली, की दुसऱ्या महायुद्धात सगळं उलटलं. इंग्रजांना युद्धासाठी भारतातून कापड, धान्य, पोलाद, सगळं हवं होतं. पैसे मात्र रोख नव्हते. मग त्यांनी काय केलं? किमतीएवढे पौंड लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर जमा दाखवायचे, आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँकेनं इथे रुपये काढून लोकांना द्यायचे.

नाशिकरोडला १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये नोट प्रेस सुरू झाली होती. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडमध्ये छापून यायच्या. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा पाच पटींहून जास्त झाल्या. माल देशाबाहेर चाललेला, नोटा मात्र वाढत चाललेल्या, मग महागाई भडकणारच. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो लोक मेले, त्याच्या कारणांत ही महागाईही होती. 'छापा आणि टाका फेडून' या माझ्या विनोदावर आजोबा का हसले नाहीत, ते इथे समजलं.

युद्ध संपेपर्यंत भारताचं लंडनमधलं जुनं कर्ज जवळजवळ सगळं फिटलं होतं आणि उलट इंग्लंडच भारताचं सुमारे १,३०० दशलक्ष पौंड देणं लागत होतं. यालाच 'स्टर्लिंग शिल्लक' म्हणतात. गुलाम देश सावकार आणि राज्य करणारा कर्जदार!

मग सत्ता लगेच आपल्या हातात आली का? नाही. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्स इथे ४४ देशांची परिषद झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तिथे घातला गेला. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. रायगडाजवळच्या नाते गावी जन्मलेला आपला मराठी माणूस. भारताची मागणी साधी होती : आमचे हे पौंड दुसऱ्या चलनात बदलून मिळण्याची काही तरी सोय नाणेनिधीनं करावी, म्हणजे आम्हाला अमेरिकेतून यंत्रं घेता येतील. शिष्टमंडळातल्या ए. डी. श्रॉफ यांनी तिथे उपमा दिली, की आमची अवस्था बँकेत दहा लाख पडून असलेल्या, पण टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात पैसे नसलेल्या माणसासारखी आहे. ब्रिटिशांच्या बाजूनं केन्स होते. त्यांनी भारताचे आभार मानले, पण हा आमचा आपसातला मामला आहे म्हणून तो परिषदेबाहेरच ठेवला.

स्वातंत्र्यानंतर ती रक्कम टप्प्याटप्प्यानं सुटली. त्यातूनच इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनीची सोय करावी लागली, त्यांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामानाची किंमतही वळती झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडनं पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणली. एका रात्रीत आपल्या शिलकेची डॉलरमधली किंमत जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. सावकार आपण, पण वहीतला आकडा बदलण्याचा अधिकार कर्जदाराकडे, कारण नोट त्याची!

इंग्लंडचं नाक मात्र दुसरीकडे दाबलं गेलं. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेकडून ३.७५ अब्ज डॉलरचं कर्ज घेतलं होतं. हे डॉलरमध्ये होतं, लंडनला छापता न येणाऱ्या नोटेत. १९५६ मध्ये इंग्लंड-फ्रान्सनं सुएझवर सैन्य उतरवलं तेव्हा पौंड कोसळायला लागला, आणि सैन्य मागे घेईपर्यंत मदत नाही, असं अमेरिकेनं ठणकावलं. सैन्य मागे आलं. त्या १९४६ च्या कर्जाचा शेवटचा हप्ता इंग्लंडनं फेडला डिसेंबर २००६ मध्ये!

१९९१ चं सोनं

आपली पाळी १९९१ मध्ये आली. आखाती युद्धामुळे तेल महागलं आणि परकीय चलनाचा साठा दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला. देणी डॉलरमध्ये. नाशिकरोडच्या मशीन रात्रंदिवस चालवल्या असत्या तरी उपयोग शून्य. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानानं लंडनला गेलं, आणि ते तारण ठेवून जवळपास ४०० दशलक्ष डॉलर मिळाले. आजोबा सांगतात, ही बातमी आली त्या दिवशी प्रेसमध्ये जेवणाच्या सुट्टीत कोणी फारसं बोललं नाही. घरातलं सोनं गहाण पडल्याची लाज कशी असते, ते प्रत्येकाला माहीत होतं.

पुढे चित्र बदललं. २००९ मध्ये भारतानं नाणेनिधीकडून २०० टन सोनं विकत घेतलं. २०२३-२४ या आर्थिक वर्षात परदेशात ठेवलेलं १०० टन सोनं रिझर्व्ह बँकेनं देशात परत आणलं.

अमेरिकेची चिठ्ठी

मग अमेरिकेचं काय? २०२५ मध्ये तिच्यावरचं कर्ज ३७,००० अब्ज डॉलरच्या पुढे गेलं. त्यातलं साधारण एक चतुर्थांश परदेशी लोकांकडे आणि सरकारांकडे आहे. बाकीचं त्यांच्याच देशात (त्यांनाही आज्या आहेत!). परदेशी धारकांत जपान पहिला. चीनकडे २०१३ मध्ये १,३०० अब्ज डॉलरचे रोखे होते, २०२५ मध्ये ते ८०० अब्जांच्या खाली आले. आपल्या देशाकडेही सुमारे २०० अब्ज डॉलरचे आहेत. म्हणजे आपण अमेरिकेचेसुद्धा सावकार!

समजा आपल्या हॉस्टेलमध्ये एक जण असा आहे, की त्याच्या सहीची चिठ्ठी टपरीवर, झेरॉक्सवाल्याकडे, मेसमध्ये, सगळीकडे पैशासारखी चालते. तो कितीही उधारी करू शकतो, कारण फेडायला फक्त नवी चिठ्ठी लिहायची. टपरीवाल्याकडे त्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असला तरी तो त्याला दमात घेऊ शकत नाही. गठ्ठा एकदम विकायला काढला तर चिठ्ठीचीच किंमत पडणार आणि नुकसान टपरीवाल्याचंच. चीनची अडचण थोडीफार अशी आहे.

शिवाय चिठ्ठी लिहिणारा 'तुझ्या चिठ्ठ्या मी चालू देणार नाही' असंही म्हणू शकतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर पाश्चात्य देशांनी रशियाचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा साठा गोठवला. १९४४ च्या आपल्या अनुभवाची आठवण येते ना? त्यानंतरच्या वर्षांत जगातल्या मध्यवर्ती बँका दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेत होत्या, ते उगाच नाही.

पण चिठ्ठीवरचा विश्वास कायमचा नसतो. पौंडाचीही चिठ्ठी एके काळी जगभर चालायची. ती एका दिवसात बंद पडली नाही. आधी लोकांनी थोडी कमी घेतली, मग बदलून मागायला लागले. जगातली सत्ता अशी हळूहळू सरकते.

आपल्याला काय त्याचं?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपाननं ०.१ टक्का व्याजानं, ५० वर्षांच्या मुदतीचं कर्ज जाहीर केलं. ऐकायला जवळजवळ फुकट. पण ते येनमध्ये आहे. ५० वर्षांत येन रुपयाच्या तुलनेत किती महाग होतो, त्यावर ते खरंच किती स्वस्त होतं हे ठरेल. वाईट आहे असं नाही, पण नुसता व्याजदर बघून टाळ्या वाजवू नयेत.

आणि जीआरई देणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे! फी डॉलरमध्ये, बाबांचा पगार रुपयांत. १९९१ च्या सुरुवातीच्या महिन्यांत डॉलर २० रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये ८५ च्या वर होता. लोन घेण्याआधी आजोबांचे दोन प्रश्न स्वतःला विचारा.

त्याच वेळी, रुपयांतलं कर्ज म्हणजे कितीही घ्या, असंही नाही. रुपये जास्त छापले की महागाई वाढते आणि ती सगळ्यात आधी पासबुकवाल्यांना चावते. सुट्टी संपवून निघताना मी आजीला म्हटलं, "आजी, तू सरकारची सावकार आहेस, माहितीये का?"

ती म्हणाली, "असू दे. व्याज वेळेवर देतात. फक्त डाळ फार महाग करू नका म्हणावं त्यांना."